जागहाक

लग्नाची हळद केव्हाच उतरली होती, तरी डॉ. कीर्ती घाडगे हिचं नाव आता काय, हा प्रश्न काही सुटला नव्हता. आणि शनीकडे निघालेलं ‘अगस्ति’ यान कोरगावकरांच्या सुनेच्या नावासाठी खोळंबून राहणार नव्हतं.

अंबाजोगाईजवळच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेपलीकडे, दीर्घनिद्रा प्रयोगशाळेची बसकी पांढरी इमारत होती. अगस्तीवरची माणसं सहा वर्षं झोपून प्रवास करणार होती. त्यांना झोपवायचं कसं आणि उठवायचं कसं, हे इथे ठरत होतं. झोपवणं त्यातल्या त्यात सोपं. उठवण्याची यंत्रणा कीर्तीने बांधली होती आणि तिला साधं घरगुती नाव दिलं होतं, जागहाक. प्रत्येकाच्या निद्राकोशात त्याच्या नावाची हाक मुद्रित करून ठेवायची आणि सहा वर्षांनी ती ऐकवायची. तेच नाव कोशावरच्या पाटीवर नोंदवायचं. एकदा नोंदवलं की त्यात बदल नाही. कीर्तीचा नवरा पुष्कर कोरगावकर यानाचा मार्गनियंता होता. त्याच्या कोशावरची पाटी भरली होती. शेजारच्या कोशावरची, कीर्तीची, कोरी होती.

लग्नात पुष्करने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘पूर्वा’ असं नाव लिहिलं होतं. त्याच्या घरची रीतच तशी. घरात येणाऱ्या सुनेचं नाव बदलायचं, तेही पहिल्या अक्षरापासून. पुष्करला स्वतःला त्याचं काही नव्हतं. भटजींनी ताट पुढे केलं, आईने डोळे वटारले, त्याने लिहून टाकलं. कीर्तीने तेव्हा हसून घेतलं. पण यानावरची पाटी म्हणजे तांदूळ नव्हेत, हलवले की नाव पुसलं.

“कीर्ती हे नाव माझ्या वडिलांनी हौसेने ठेवलंय,” ती म्हणायची. “पोरगी कीर्ती मिळवील म्हणून. ते गेले, पण नाव आहे ना? आडनावाला जोडआडनाव लावा, माझी ना नाही. कीर्तीला हात लावायचा नाही.”

निरोप द्यायला सासूबाई, सुलभाताई, मुद्दाम प्रयोगशाळेत आल्या होत्या. सोबत बेसनाच्या लाडवांचा डबा आणि तोच विषय. बाई मनाच्या वाईट नव्हत्या. सुनेचा फोटो पेपरात आला की सोसायटीभर दाखवून यायच्या. फक्त त्या फोटोखाली ‘कीर्ती घाडगे’ वाचलं की त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा.

“अगं, नाव काय, सवयीचा भाग,” त्या म्हणाल्या. “माझंच बघ. माहेरी मी कुसुम. गेली पस्तीस वर्षं सुलभा. आता कुणी कुसुम म्हणून हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही.”

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. सलमा इनामदार लाडू खात होत्या. त्या मिरजेच्या, जिभेला धार आणि स्वभावाला खोडी. त्यांनी हात झटकले.

“जागेपणी नाही वळणार, सुलभाताई. झोपेत वळाल.”

“म्हणजे?”

“जागं असताना माणूस दहा नावांना ओ देतो. अहो, अगं, मॅडम, काकू. सवय लागली की झालं. पण गाढ झोपेत मेंदूचं दार बंद असतं. भोंगा वाजवा, दिवे लावा, गदागदा हलवा, आमच्या दीर्घनिद्रेत काही उपयोग नाही. अंग गरम होतं, हृदय नीट चालतं, आणि माणूस मात्र झोपलेलाच. ते दार एकाच गोष्टीने उघडतं. स्वतःच्या नावाने.”

“नव्या नावाने नाही उघडत?”

“तेच तर. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या नावाने आपल्याला हाका मारल्या जातात, ते एकच नाव मेंदूत खोल बसतं. झोपेत ते कानावर पडलं की मेंदूत एक लाट उठते. आम्ही तिला नामलहर म्हणतो. ती उठली की पाठोपाठ माणूस उठतो. पुढे कितीही नावं घ्या, ती वरवर बसतात.”

“आणि हे सगळं सिद्ध करता येतं, आई,” कीर्ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता वाद जिंकायची चमक होती. “मी झोपते. मॅडम दोन्ही नावं लावतील. पूर्वाला लाट आली तर मी पूर्वा. कीर्तीला आली तर हा विषय कायमचा बंद.”

सुलभाताईंनी पदर सावरला. “बंद तर बंद. यंत्र तुमचं, निकालही तुमचाच लागायचा.”

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून पुष्कर चहा घ्यायला निघून गेला.

इतरांच्या चाचण्या घेता घेता कीर्तीची स्वतःची राहून गेली होती; ती आता चाचणीच्या खाटेवर पडली. निद्रावायूने तिला अलगद खाली नेलं. वायूचा अंमल उतरून जाग आली तेव्हा इनामदार मॅडम पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. सुलभाताई खुर्चीत होत्या, पण जिंकलेल्या किंवा हरलेल्या बाईसारख्या दिसत नव्हत्या.

“पूर्वाला काही नाही,” मॅडम म्हणाल्या. “सपाट.”

“बघा!”

“कीर्तीलाही नाही.”

कीर्ती हसली. मग उठून तिने पडदा पाहिला आणि तिचं हसू विरलं. ‘कीर्ती’ हा आवाज जिथे दिला होता तिथे रेघ सपाट होती. तुलनेसाठी परक्या माणसांची नावं दिली होती, तिथे असते तशीच. तिच्या मेंदूला ‘कीर्ती’ आणि रस्त्यावरचं कुणीही, दोन्ही सारखंच होतं.

“संवेदक सैल असणार.”

संवेदक घट्ट होते. त्याच खाटेवर पुष्करला झोपवलं, ‘पुष्कर’ म्हटल्याबरोबर लाट उठली. मग सुलभाताई, कुणी न सांगता, हौसेने झोपल्या. ‘सुलभा’ला काही नाही, ‘कुसुम’ला लाट. उठल्यावर त्यांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी ती रेघ पुन्हा एकदा दाखवायला लावली. कीर्ती पुन्हा झोपली. पुन्हा सपाट.

आता वाद कुठल्या कुठे राहिला होता. नियम कीर्तीनेच लिहिला होता, ज्याला नामलहर नाही, तो यानावर नाही. कारण त्याला झोपवता येईल, परत उठवता येणार नाही. पुष्कर जाणार आणि ती इथे राहणार, किंवा ती जाणार आणि शनीपाशी पुष्कर तिच्या कोशाशेजारी बसून हाका मारत राहणार. पहिली शक्यता तिला सोसणारी नव्हती. दुसरी तिने मनातसुद्धा धरली नाही.

“घरात लाडाचं नाव असेल,” मॅडम म्हणाल्या. “छकुली, बबडी. मूल त्यालाच नाव समजतं. आईला विचार.”

कीर्तीने कऱ्हाडला फोन लावला. आई, पार्वतीबाई, फोनवर नेहमी ओरडून बोलायची.

“आई, लहानपणी मला काय म्हणायचात घरात?”

या वेळी न ओरडता आई म्हणाली, “कीर्तीच की. दुसरं काय म्हननार?”

“अगदी लहान असताना?”

“कीर्तीच. का गं? कशाला पायजे?”

“त्या नावाशिवाय मला जाता यायचं नाही, आई. उठताच येणार नाही.”

“सोनी म्हनायचो,” आई घाईघाईने म्हणाली. “न्हाईतर बाळी. ताई म्हनायचा अभी. ठेवते, दूध उतू चाललंय.”

सोनी, बाळी, ताई. तिन्ही सपाट. दुपारी तीन वाजता आई कसलं दूध तापवते, हा प्रश्न कीर्तीला नंतर पडला.

शेवटी इनामदार मॅडमनी अक्षरशोध लावायचं ठरवलं. ही पद्धत त्यांनी बेवारस सापडलेल्या लहान मुलांसाठी काढली होती. झोपलेल्या मेंदूला बाराखडीतलं एकेक अक्षर ऐकवत जायचं. नावाचं पहिलं अक्षर आलं की रेघ केसभर हलते. मग त्याला दुसरं अक्षर जोडून बघायचं, मग तिसरं. वेळखाऊ काम, पण नाव मेंदूत असलं तर सापडल्याशिवाय राहत नाही.

“गायत्री नाहीतर गंगा निघेल बघ,” झोपताना पुष्कर तिला म्हणाला. “नाहीतर एखादं असं जुनं नाव निघेल की तू स्वतःच पूर्वा मागशील.” ती हसतच झोपली.

ती उठली तेव्हा तो हसत नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मॅडमनी पडदा बंद केला होता. सुलभाताई रडत होत्या, आणि ते लपवण्यासाठी लाडवांच्या डब्याचं झाकण उगीच काढत-लावत होत्या.

“सापडलं?” कीर्तीने विचारलं.

“सापडलं,” मॅडम म्हणाल्या. “बाळ, यंत्र चुकू शकतं. आपण उद्या परत—”

त्यांनी तिला आजवर बाळ म्हटलं नव्हतं. कीर्ती खाटेवरून उतरली. “पडदा लावा.”

कुणी हललं नाही. तिने स्वतःच लावला. अक्षरं एकाखाली एक होती. ‘न’ला रेघ जराशी हलली होती. ‘नकु’ला वर उचलली गेली होती. आणि खाली, पूर्ण नावापाशी, उभी लाट होती. अशी स्वच्छ लाट ती रोज दुसऱ्यांच्या पडद्यावर बघायची आणि खूश व्हायची.

नकुसा.

कीर्ती कऱ्हाडकडची होती. तिला हे नाव कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या शाळेत एक नकुसा होती, पुढच्या गावात दोन होत्या. घरात मुलीवर मुली झाल्या की लोक शेवटच्या मुलीचं नाव नकुसा ठेवायचे. नको असलेली. देवाला कळावं की आता पुरे, पुढचा मुलगा दे. शाळेतली नकुसा हजेरी देताना ‘हजर’ इतक्या हळू म्हणायची की मास्तर तिची गैरहजेरी लावायचे. कीर्तीला तिची दया यायची. आपलं नाव कसं ऐटदार, असंही तेव्हा मनात यायचं.

कीर्तीला दोन थोरल्या बहिणी होत्या. पाठीवर अभिजीत.

“नाही,” ती म्हणाली. “हे माझं नाही. कुणीतरी शेजारी... शाळेत ऐकलं असेल मी.”

“शाळेतलं नाव बसत नाही, कीर्ती,” मॅडम म्हणाल्या. “तुझाच शोध आहे तो.”

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “गेल्या वर्षी आपण काही बायकांना परत पाठवलं. नामबधिर म्हणून. एकीच्याही मेंदूत लाट नव्हती. पुरुष एकही नव्हता त्यांत. मी त्यावर निबंधसुद्धा लिहिला, स्त्रियांच्या मेंदूत हा दोष कसा असतो म्हणून.” त्यांनी चष्मा काढला. “या अल्ला. मी त्यांना नावच विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी अभिजीत आईला घेऊन आला. तो बाहेर गाडीतच बसून राहिला. त्याला काही सांगितलं नसावं, नाहीतर सगळंच सांगितलं असावं. पार्वतीबाई आत आल्या, लेकीचा चेहरा बघितला आणि दारातच खाली बसल्या.

“तुझ्या आज्जीनं ठ्येवलं,” त्या म्हणाल्या. “म्या न्हाई म्हनलं न्हाई. खोटं कशाला बोलू? मलाबी ल्योक पायजे व्हता.”

“बाबांना चाललं?”

“त्यांनीच तुझ्या आत्याला सांगितलं, पाळन्यात हेच नाव घाल म्हनून. तुझ्या कानात कुर्र केलं तिनं आन बाहेर जाऊन रडली.”

“मग कीर्ती?”

“अभी झाला. तू तवा तीन वर्साची. मग नाव फळलं, आता कशाला ठ्येवायचं, म्हनून तुझ्या वडलांनी बदललं. शाळंत घालताना कीर्ती लावलं. थोरल्या दोघींना शपथ घातली, पुन्हा ते नाव तोंडात आलं तर बघा. त्यांना लाज वाटाया लागली व्हती, कीर्ते. मरंस्तवर वाटत व्हती. म्हनून तर तुला एवढं शिकवलं.”

ज्या नावासाठी कीर्ती तीन महिने सासूशी भांडली, ते तिला मुलगा झाल्याच्या आनंदात मिळालं होतं. काम झालं, म्हणून जुनं काढून घेतलं होतं. आणि काढून घेतलंय असं ज्यांना वाटलं, त्यांना मेंदूतलं काही काढता येत नाही हे ठाऊक नव्हतं.

सुलभाताई पुढे झाल्या. “मी काय म्हणते, पूर्वा करूनच टाकू. जोरात करू. रोज सगळे पूर्वा म्हणू, फोनवर, घरात, सगळीकडे. म्हणजे ते मेलं जुनं पुसून जाईल.”

बाईंचा जीव तुटत होता म्हणून त्या बोलल्या होत्या. मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “पुसत नाही, कुसुमताई.”

सुलभाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

उरला प्रश्न कामाचा होता, आणि कामाच्या प्रश्नाने कीर्तीला थोडं उभं केलं. यानावर जायचं तर जागहाक ध्वनिमुद्रित करायला हवी होती. बाकीच्यांच्या हाका त्यांच्या नवऱ्यांनी, बायकांनी, मित्रांनी दिल्या होत्या, कारण तेही त्यांना त्याच नावाने ओळखत होते. पुष्करने ठाम नकार दिला.

“मी तुला त्या नावाने हाक मारणार नाही.”

“मग काय, झोपवूनच ठेवणार मला?”

तो कसाबसा तयार झाला. त्याच्या आवाजाला तिची लाट उठली, पण यंत्राच्या आवाजाला उठली होती तेवढीच. चाचणीच्या छोट्या झोपेला ती पुरेशी होती. सहा वर्षांच्या झोपेनंतर एवढ्यावर भरवसा ठेवता आला नसता.

“आवाज त्या काळातला हवा,” मॅडम म्हणाल्या. “ज्याने तिला त्या नावाने खरोखर बोलावलंय, असा.”

वडील गेले होते. आजी गेली होती. बहिणींचे तेव्हाचे आवाज पोरवयाचे, आता पार बदललेले. सगळ्यांनी पार्वतीबाईंकडे पाहिलं.

“मला न्हाई जमायचं,” त्या म्हणाल्या. “जीभ झडंल माझी.”

“जमव,” कीर्ती म्हणाली. “ठेवताना जमलं, तसं.”

ती बोलून गेली आणि आईचा चेहरा बघून तिला स्वतःचीच लाज वाटली; पण शब्द मागे घ्यावेसे तिला वाटले नाहीत.

ध्वनिमुद्रणाची खोली लहान होती. मध्ये काच, काचेच्या अलीकडे यंत्रांजवळ कीर्ती आणि मॅडम, पलीकडे आई एकटी ध्वनिग्राहकासमोर. पाटीचं काय करायचं, हे मॅडमनी तेवढ्यात हळूच विचारलं. कीर्ती म्हणाली, काहीही लिहा. घाडगे लिहा, कोरगावकर लिहा, पूर्वा लिहून टाका. पाटी जागी माणसं वाचतात.

आईने सुरुवात केली. “की...” म्हणाली आणि थांबली. मग नुसतंच खाकरली. “न” म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला. दोनदा तिने हात जोडून काचेकडे पाहिलं. कीर्तीने मान हलवली नाही. ती खुर्चीत ताठ बसली होती. तिने ठरवलं होतं, हे एक तांत्रिक काम आहे, आवाजाची पातळी बघायची, लाट किती येईल त्याचा हिशेब करायचा, आणि संध्याकाळी आईला गाडीत बसवून द्यायचं. त्यानंतर आपण तिच्याशी बोलू की नाही, ते तिला सांगता आलं नसतं.

मग पार्वतीबाईंनी काचेकडे पाठ केली. पदर कमरेला खोचला. तोंडाशी हाताचा पंजा धरला, अंगणात उभं राहून लांबच्या पोराला हाक मारताना धरतात तसा, आणि त्यांचा आवाज एकदम तरुण बाईचा झाला.

“नकुसाऽऽ! ये गं माझी बाय, जेवाया ये!”

त्या आवाजात नको असं काही नव्हतंच. भाकरी निवते आहे, पोर अजून येत नाही, एवढीच काळजी होती.

“कीर्ती!” मागून मॅडम म्हणाल्या. “कीर्ती, मुद्रण चालू आहे!”

कीर्तीला ते ऐकू आलं नाही. तिला इतकंच कळलं की खुर्ची मागे पडली आहे, मधलं दार उघडं आहे आणि ती आईच्या पुढ्यात उभी आहे, धावत आल्यासारखी धापा टाकत. ती कधी उठली, दार कुणी उघडलं, तिला आठवेना. आई वळून तिच्याकडे बघत होती आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

“ओ,” कीर्तीच्या तोंडून गेलं होतं. तेही तिला आत्ता, आपलाच आवाज खोलीत विरताना कळलं.